रामाकोन्याहून न गेलेली तार

नत्थूजी कामडे रामाकोन्यात ढोरांना डाग द्यायचा. बैल लंगडला, गाय फुगली, म्हशीच्या गळ्याखाली सूज आली की लोक त्याच्या दारी येत आणि तो विळा चुलीत खुपसून लाल करी. त्याचा मुलगा मोरेश्वर याला डाग कधी आवडला नाही. पण ढोर त्याला कळायचं. आखरावर, म्हणजे गावची ढोरं जमतात त्या जागी, शंभर ढोरं उभी असली तरी त्यातलं कोणतं रवंथ करत नाही, हे तो बांधावरून सांगे. सौंसरच्या शाळेतून मॅट्रिक झाल्यावर तो स्टॉकमनच्या, म्हणजे ढोरडॉक्टरच्या हाताखालच्या माणसाच्या, शिक्षणाला नागपूरला गेला. साल सत्तेचाळीस, महिना जुलै.

तिथं त्याच्या खोलीत पांढुर्ण्याचा केशव गावंडे होता. उंच, गोरा, हसरा. पहिल्याच दिवशी त्यानं घरची चकल्यांची पुरचुंडी सगळ्यांसमोर उघडून ठेवली, आणि दोन दिवसांत शिपायापासून मास्तरांपर्यंत सगळे त्याला नावानं ओळखू लागले. मोरेश्वरला नावानं ओळखायला मास्तरांना तीन महिने लागले.

पंधरा ऑगस्टला झेंड्याचा खांब मोरेश्वरनं रोवला. आदल्या दिवशी कंबरभर खड्डा खणला, मुरूम भरला, पायानं ठोकला. सकाळी मास्तर म्हणाले, "केशव, तू दोन शब्द बोल." केशव बोलला आणि चांगलं बोलला. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मोरेश्वरच्याही आलं. मग त्याच्या मनात आलं की खांबाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आपण खांबाचा विचार करून राहिलो! पण आलेला विचार काही गेला नाही.

परीक्षेत मोरेश्वरचे मार्क जास्त होते. नेमणूक मात्र केशवला पांढुर्ण्याची मिळाली, म्हणजे मोठ्या गाडीच्या स्टेशनाची. कोणताही साहेब इटारसीकडून येवो की नागपूरकडून, तो आधी पांढुर्ण्याला उतरे, केशवचा चहा पिई आणि केशवचं काम पाही. मोरेश्वरला सौंसर मिळालं. तिथं छिंदवाड्याची छोटी गाडी धापा टाकत येई, आणि तिच्यातून साहेब फारसे उतरत नसत.

वर्षं गेली. मोरेश्वरनं सौंसर तालुक्यातली गावं सायकलनं तुडवली. घटसर्प, फऱ्या, खुरी, आणि सगळ्यांची आई म्हणजे बुळकांडी. बुळकांडी गावात शिरली की ढोराच्या डोळ्यांतून पू गळे, हिरड्यांवर कोंडा भुरभुरल्यासारखे फोड येत, रक्ताची हागवण लागे आणि आठ दिवसांत गोठा रिकामा. लस होती, पण ती बर्फात ठेवावी लागे, आणि बर्फ यायचा नागपूरहून, भुशाच्या पोत्यात. मोरेश्वर त्या पोत्याला तान्ह्या लेकरासारखं जपे.

याच फिरतीत त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. बुळकांडी वाऱ्यानं येत नाही, देवीच्या कोपानं येत नाही. ती बाजाराच्या रस्त्यानं येते. ज्या गावचा बैल ज्या बाजारात विकला गेला, तिथून पुढं ज्या गावी गेला, त्या गावी आठ-दहा दिवसांनी ढोर पडतं. त्यानं चार वर्षांच्या तारखा ताडून पाहिल्या. पक्कं होतं. हे त्यानं एकाच माणसाला सांगितलं, केशवला. दुसरं कोणाला सांगणार? दुसऱ्या कोणाला ते कळलंच नसतं. हाही एक काटाच होता.

घरीसुद्धा केशव होता. मोरेश्वरची बायको सुधा म्हणे, "केशवभाऊजी आले होते तं माह्या आईच्या गुडघ्याचं विचारलं हो. तुमाले कधी आठवलं का?"

"मी ढोरांचे गुडघे पाहतो," मोरेश्वर म्हणे आणि जेवण अर्धं टाकून उठे.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहिलं. राजधानी झाली भोपाळ. ढोरडॉक्टर आणि स्टॉकमन दरवर्षी नागपूरच्या ज्या सभेला जात, त्या सभेचं पत्र आलं की आता तुम्ही दुसऱ्या राज्याचे, तेव्हा यापुढं पाहुणे म्हणून या. लोकांना वाईट वाटलं. नातं तोडावं तसं ते पत्र होतं. भोपाळ दूर, तिथली बोली वेगळी, आणि तिथं यांना ओळखतो कोण?

"आपलंच काढू ना मंडळ," केशव म्हणाला.

पांढुर्ण्याच्या शाळेत सभा भरली. सौंसरचे निवृत्त ढोरडॉक्टर पुंडलिकराव अध्यक्ष झाले. संत्र्याच्या बगिच्यात रमलेला, कमी बोलणारा, कडक माणूस. नाव ठरलं सातपुडा पशुरोग प्रतिबंधक मंडळ. दोन-तीन डॉक्टरांचं म्हणणं पडलं की स्टॉकमनला सभासद करू नये. तेव्हा केशव उभा राहिला.

"बुळकांडी पहिले कोण पाहते? डॉक्टरसाहेब का स्टॉकमन?" तो म्हणाला. "आमचे मोरेश्वरभाऊ इथं बसले आहेत. यांनी चार वर्षांच्या तारखा लावून दाखवलं का रोग बाजाराच्या रस्त्यानं चालते. बाजार बंद केला का रोग बंद. हे कोण्या डॉक्टरनं नाही, एका स्टॉकमननं शोधलं."

त्यानं फळ्यावर खडूनं रस्ते काढले, बाजार काढले, गावं काढली. रोग कसा चालतो ते असं समजावलं की शाळेच्या शिपायालाही कळावं. टाळ्या झाल्या. मोरेश्वरचं नाव त्यानं तीनदा घेतलं. पण टाळ्या वाजवणाऱ्यांची तोंडं फळ्याकडं होती. मोरेश्वर मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसला. चोरलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ज्यानं सगळं नाव लावून, मान देऊन सांगितलं, त्याच्याशी कसं भांडावं? केशव सचिव झाला. मोरेश्वर सभासद.

मंडळानं एकच नियम मोठा केला. ज्याला बुळकांडीचा संशय येईल त्यानं त्याच दिवशी सचिवाला तार करायची. सचिव जनपद सभेकडून, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीकडून, भोवतालचे बैलबाजार बंद करवून घेईल. नियम मोरेश्वरच्याच शोधातून निघाला होता. फक्त तार जायची होती केशवच्या नावानं.

एकोणसाठच्या चैत्रात, एका सोमवारी, मोरेश्वरला रामाकोन्याहून बोलावणं आलं. पाटलाच्या गोठ्यात एक खोंड मान टाकून उभा होता. मोरेश्वरनं त्याचा जबडा उघडला. हिरडीवर कोंडा. तो वास. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

रामाकोना त्याचं जन्मगाव. तार करायची तर स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं. तो निघालाही. पण वाटेत तो थबकला. आता तार जाईल. मग केशव उद्या हसत हसत येईल, गावच्या बायांना मावशी-मामी म्हणेल, आणि संध्याकाळपर्यंत रामाकोन्याची बुळकांडी त्याची होऊन जाईल. जेठात मंडळाची वार्षिक सभा होती, जबलपूरचे मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर केशव फळ्यावर रामाकोना काढेल आणि म्हणेल, आमच्या मोरेश्वरभाऊंनी फार मदत केली.

मदत!

आपण एकट्यानं थांबवली तर? आपलं गाव, आपली ढोरं, आपली लस. मग सभेत उभं राहून आपणच सांगायचं. एकदा तरी. तो स्टेशनावर गेलाच नाही. सौंसरहून बर्फ आणि लस मागवली आणि कामाला लागला.

काम त्यानं असं केलं की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आजारी ढोरं नाल्यापलीकडं नेली, आखर बंद केलं, पाणवठे वेगळे केले, घरोघर जाऊन टोचलं. बाप नत्थूजी म्हातारा झाला होता, तरी काठी टेकत मागं फिरला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "तुह्या सुईत दम आहे रे बापा."

बुधवारी दुपारी पाटलाचा गडी बोलता बोलता म्हणाला, "तो गजानन दलाल चार बैल घेऊन गेला ना रविवारी. याच गोठ्यातले."

मोरेश्वरच्या हातातली सुई थांबली. "कुठं गेला?"

"पांढुर्ण्याच्या बाजाराले. शुक्रवारचा बाजार आहे ना."

या वेळी तो धावत स्टेशनावर गेला. तारबाबूनं कागद दिला. मोरेश्वरनं लिहिलं: केशवराव गावंडे, स्टॉकमन, पांढुर्णा. बाजार थांबवा. एवढं लिहून तो थांबला. आता तार करायची तर सोमवारपासून काय केलं हेही सांगावं लागेल. केशव काही म्हणणार नाही. तो फक्त म्हणेल, 'असू दे रे, होते असं.' त्या 'असू दे'ची कल्पनाच मोरेश्वरला सहन होईना. बैल निघाले तेव्हा धडधाकट होते ना? चारही बैलांना लागण झालीच असेल असं थोडंच आहे?

"पाठवू का?" तारबाबूनं विचारलं.

"नको. काम झालं." मोरेश्वरनं कागद फाडला.

शुक्रवारी बाजार भरला. शनिवारी, रामाकोन्यात नवं ढोर पडणं थांबल्यावर, त्यानं केशवला साधं कार्ड टाकलं: 'रामाकोना येथे बुळकांडी. तीनशे चाळीस ढोरं टोचली. आटोक्यात.' तारीख लिहिली नाही, दलालाचं नाव लिहिलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात पांढुर्ण्याजवळच्या तिगावला ढोरं पडू लागली.

केशवची तार आली: एकट्याच्यानं होत नाही, लस घेऊन ये. मोरेश्वर गेला. तिगावच्या शिवारात वास इतका होता की स्टेशनावरच्या लोकांनी नाकाला रुमाल बांधले होते. केशवची दाढी वाढली होती, आवाज बसला होता, आणि तो हसत नव्हता. मोरेश्वरला पाहताच त्यानं त्याला मिठी मारली. "आलास, बरं झालं. तू रामाकोना सांभाळलं तसं इथं मले शिकव."

नऊ दिवस दोघं एकत्र राबले. खड्डे खणले, चुना टाकला, टोचलं. एक्केचाळीस ढोरं गेली.

देवकाबाई नावाच्या विधवेची जोडी त्यांतच गेली. एक बैल तिच्या घरचा होता आणि दुसरा तिनं त्याच शुक्रवारच्या बाजारातून घेतलेला. विकत घेतलेला आधी पडला, त्याच्याजवळ बांधलेला घरचा नंतर. मोरेश्वर तिच्या दारी गेला तेव्हा ती रिकाम्या गव्हाणीत शेण सारवत होती. तिनं हात धुतले आणि त्याला ताक दिलं.

"सौंसरहून आलात म्हणे. आमच्यासाठी इतक्या दूर कोण येते, भाऊ?"

तो अर्धा गडू ठेवून उठला.

जेठात सभा आली. तीच शाळा, तोच फळा. जबलपूरचे साहेब पुढच्या खुर्चीत, शेजारी पुंडलिकराव. सभा सुरू व्हायच्या आधी केशवनं मोरेश्वरला व्हरांड्यात बाजूला घेतलं. त्याच्या हातात तिगावचा नकाशा होता.

"गजानन दलाल भेटला मले," केशव हळू आवाजात म्हणाला. "त्यानं सगळं सांगतलं. मंग मी रामाकोन्याच्या पाटलाले विचारलं. तू सोमवारी गेला होतास तिथं."

मोरेश्वरची नजर त्याच्या हातातल्या नकाशावर गेली.

"मी विचार करून राहिलो का तार वाटेत हरवली असं अहवालात लिहू. छोट्या लाइनीच्या तारा हरवतात. कोणी विचारणार नाही." केशवनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माणसाकडून होते, मोरेश्वर. तुह्यासारखा कामाचा माणूस या तालुक्यात नाही. एका चुकीसाठी तुले बदनाम नाही होऊ देत मी."

मोरेश्वरनं त्याच्याकडं पाहिलं. त्या तोंडावर खोटेपणा शोधूनही सापडला नसता. केशव खरंच वाचवत होता त्याला, आणि त्यासाठी आपल्या अहवालात पहिलं खोटं घालायला तयार झाला होता. बारा वर्षांचा मत्सर मोरेश्वरच्या छातीत असा उसळला की कानशिलं तापली. म्हणजे आता माझी अब्रूही यानंच द्यायची? जन्मभर मी याच्या उपकारात, आणि हा मात्र मोठा? त्यानं खांद्यावरचा हात झटकला.

"तू काही लिहू नको," तो म्हणाला. "मी बोलतो."

सभेत केशवचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मोरेश्वरच फळ्यापाशी गेला. त्याला बोलायची सवय नव्हती. खडू हातात मोडला. रामाकोन्यात ढोरं कशी वेगळी केली, टोचणी कुठून कुठं नेली, हे त्यानं अडखळत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. मग त्यानं फळ्यावर चार वार लिहिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार.

"सोमवारी मले बुळकांडी कळली. बुधवारी कळलं का चार बैल पांढुर्ण्याच्या बाजाराकडे गेले. तारेचा कागद मी हातात घेतला होता. फाडला. तार केली असती तर शुक्रवारचा बाजार भरला नसता आणि तिगावची एक्केचाळीस ढोरं मेली नसती."

पुंडलिकराव खुर्चीत पुढं सरकले.

"काहून फाडला?"

मोरेश्वरला खोटं बोलता आलं असतं. घाई होती, विसरलो, काहीही. पण त्या क्षणी त्याला एवढंच हवं होतं की हे तरी पुरतं आपलं असावं, केशवनं दिलेलं नसावं.

"तार केशवले जाणार होती म्हणून," तो म्हणाला. "मले त्याचा हेवा वाटते. शिकत होतो तेव्हापासून."

कोणीतरी मागं हसलं आणि लगेच गप्प झालं. केशवची मान खाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काय बोलावं ते सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर, इतक्या फजितीतही, हे पाहून मोरेश्वरला एक घटकाभर बरं वाटलं.

पुंडलिकरावांनी निकाल तिथंच दिला. मोरेश्वर वर्षभर सभासद नाही, आणि खात्याला कळवायचं. खात्याचा ठपका आला, आणि जबलपूरच्या साहेबांनी शिफारस केली ती केशवची. त्याच शिफारशीनं त्या वर्षी केशवला जबलपूरच्या कॉलेजात ढोरडॉक्टरीला पाठवलं. सौंसरच्या बाजारात लोक मोरेश्वरकडं बोट दाखवून काय बोलत, ते त्याला ऐकू येई.

सभेनंतर आठ दिवसांनी सुधा भाकरी थापता थापता म्हणाली, "तिगावच्या बाईले कोणी सांगतलं का?"

"नाही."

"मंग सभेत सांगून काय फायदा? तिथं तिचा बैल मेला होता काय?"

दुसऱ्या दिवशी मोरेश्वरनं बापाकडून घरची बैलजोडी मागितली. नत्थूजीनं कारण विचारलं, ऐकलं, आणि दावी सोडून दिली. जोडी हाकत मोरेश्वर दोन मुक्काम करून तिगावला पोचला. मृगाचा पेरा तोंडावर होता. देवकाबाई शेतात धसकटं वेचत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ताक दिलं होतं त्या दिवशीही आपल्याला ठाऊक होतं, हेही सांगितलं.

देवकाबाईनं एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"माह्या घरचा बैल माह्या हातानं वाढवला होता मी," ती म्हणाली. "त्याले कोणाचा हेवा नव्हता." मग तिनं पदर खोचला. "उभे काय राहिले? वखर तिकडे आहे. पहिले पेरून द्या. मंग पाहू बोलायचं का नाही ते."

त्यानं रजा टाकून सहा दिवस तिचं शेत वखरलं, पेरलं. जोडी हंगामभर तिच्याकडं ठेवली. ती त्याच्याशी फार बोलली नाही. जाताना त्यानं नमस्कार केला तो तिनं घेतला, एवढंच. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

वर्ष सरल्यावर मंडळाची सभा पुन्हा भरली. केशव जबलपूरला, सचिवाची जागा रिकामी. नाव सुचवलं पुंडलिकरावांनीच. "ज्यानं एक तार फाडली," ते म्हणाले, "तो दुसरी फाटू देणार नाही." मोरेश्वर नको म्हणाला, पण दुसरं कोणी तयार नव्हतं.

पुढं त्यानं ते काम कितीतरी वर्षं केलं. तार आली की तो जेवणावरून उठे. बाजार बंद करायला दलालांशी भांडे, शिव्या खाई, कधी धक्काबुक्कीही होई. ढोरांचे बाजार बंद पडले म्हणून लोक त्याला शाप देत. पण हळूहळू तालुक्यात बुळकांडी कमी झाली. त्यानं भाषण मात्र पुन्हा कधी दिलं नाही.

केशव डॉक्टर होऊन भोपाळला मोठ्या हुद्द्यावर गेला. दरवर्षी त्याचं पत्र येई, छापील नावाच्या कागदावर. ते नाव दिसलं की मोरेश्वर कागद उलटा करून ठेवी. सुधा ओळखायची.

"अजून?" ती विचारी.

"अजून," तो म्हणे. "जात नाही हेवा. पण आता मी त्याले घरीच ठेवतो. ढोरांवर सोडत नाही."

एका पत्रात केशवनं लिहिलं, 'सगळ्या राज्यासाठी तुझ्या बाजार-रस्त्याच्या तारखा हव्यात. तुझं नाव वर घालतो.' मोरेश्वरनं पत्र दोनदा वाचलं. चिडला, उठला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग बसून सगळ्या तारखा उतरवून काढल्या. रामाकोन्याचा सोमवार आणि तिगावची एक्केचाळीस ढोरंही त्यात घातली, टपाल निघायच्या आत पाकीट पेटीत टाकलं, आणि सायकल काढून लोधीखेड्याला टोचणीसाठी गेला.